कोणी थांबायचे, कोणी पुढे व्हायचे?

प्रश्न : आमच्या जुळणी विभागात मध्ये जाळी न घालता कामगारांच्या शेजारी रोबोचा हात बसवला आहे. तो सुटे भाग हातात देतो आणि कामगार ते बसवून स्क्रू आवळतो. तरीही कधी कामगार हात पुढे करून ताटकळतो, तर कधी रोबो भाग धरून खोळंबतो. कामाची वाटणी चुकली आहे का?

उत्तर : वाटणीकडे नंतर वळू, आपल्या वर्णनावरून आधी खुणांची उणीव दिसते. माणूस दुसऱ्याच्या हाती वस्तू देतो तेव्हा त्याच्याकडे पाहतो आणि समोरच्याची पकड बसल्याचे जाणवले की आपली पकड सैल करतो. रोबोला यातले काहीच आपोआप येत नाही. किती ओढ जाणवल्यावर ग्रिपर, म्हणजे भाग धरणारा रोबोचा पंजा, उघडायचा हे नीट ठरवले नसेल, तर भाग हिसकावून घ्यावा लागतो किंवा निसटतो, आणि मग कामगार बिचकतच हात पुढे करू लागतो. शेजारशेजारच्या दोन ट्रेंपैकी कोणत्या ट्रेकडे रोबोचा हात निघाला आहे, हेही सुरुवातीलाच दिसले पाहिजे. त्यासाठी मार्ग थोडा लांबला तरी चालेल.

रोबोच्या वेगाबाबत मात्र कॅटलॉगमधल्या आकड्यावर विसंबू नये. माणूस जवळ येताच रोबो मंदावतो किंवा थांबतो, अशा अंतर राखून काम करण्याच्या पद्धतीसाठी 'आयएसओ/टीएस १५०६६' या माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोंच्या सुरक्षेविषयीच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजाने, माणसाचा वेग प्रत्यक्ष मोजला जात नसेल तर तो सेकंदाला १.६ मीटर धरायला सांगितले. म्हणजे माणूस जवळ आल्याचे टिपल्यापासून रोबोचा हात पूर्ण थांबेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर तेवढ्यात माणूस ८० सेंटिमीटर पुढे आलेला असतो. थांबता थांबता रोबो जे अंतर कापतो, ते वेगळेच. स्क्रूच्या डब्यासाठी कामगार दर वेळी या अंतराच्या आत वाकत असेल, तर रोबो दर वेळी मंदावणार. डबा अलीकडे सरकवणे हा सर्वांत स्वस्त उपाय असतो आणि बहुधा तोच सर्वांत शेवटी सुचतो.

आता वाटणी. माणसाला काय चांगले जमते आणि यंत्राला काय, याची यादी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५१ मध्ये मांडली; व्यवस्थापनांना अशा याद्या आजही प्रिय आहेत. त्यातला धोका मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये दाखवून दिला : यंत्राला न जमणारे उरलेसुरले काम माणसाच्या वाट्याला येते, आणि अडचणीच्या क्षणी मात्र त्याने सराव सुटलेले कौशल्य दाखवावे अशी अपेक्षा राहते. म्हणून कामाचा क्रम बदलण्याची मुभा कामगाराला असावी. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील स्टेफानोस निकोलाइडिस व ज्युली शाह यांनी २०१३ मध्ये एका प्रयोगात माणूस आणि रोबो यांच्या भूमिकांची सरावापुरती अदलाबदल केली. रोबोच्या जागी काम करताना माणूस आपल्याला कशी साथ हवी ते करून दाखवतो आणि त्यातून रोबोला त्याच्या पसंतीचा क्रम कळतो. अशा सरावानंतर माणसाचा रिकामा वेळ घटला. आपणही अनुभवी कामगाराला काही काळ रोबोची बाजू सांभाळू द्यावी आणि तो भाग कोणत्या क्रमाने व कधी पुढे करतो, याची नोंद घ्यावी.

प्रश्न : रोबो मध्येच थांबला की कामगार थेट तातडीने यंत्र बंद करण्याचे लाल बटण दाबतात. हे योग्य आहे का?

उत्तर : धोका वाटला तर जरूर दाबावे. पण रोबो वाट पाहतो आहे की बिघडला आहे हे कळत नसल्यामुळे बटण दाबले जात असेल, तर या दोन अवस्थांसाठी वेगवेगळे दिवे लावावेत. बटण पूर्ववत केल्याने रोबो आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी वेगळी कृती असावी, आणि ती करण्यापूर्वी ग्रिपरमध्ये भाग अडकला आहे का ते पाहावे.