सेलेमचे चेटूक-खटले कशामुळे थांबले?

प्रश्न : मॅसॅच्युसेट्स वसाहतीत सेलेम येथे १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून अनेकांना फाशी देण्यात आले. सप्टेंबरअखेरपर्यंत जोरात चाललेले हे खटले ऑक्टोबरमध्ये एकाएकी कसे थांबले? लोकांचा चेटकावरचा विश्वास उडाला, की आरोप गव्हर्नरच्या पत्नीपर्यंत पोहोचल्यामुळे प्रकरण गुंडाळण्यात आले? आणि पुढे न्यायाधीशांना काही शिक्षा झाली का?

उत्तर : विश्वास मुळीच उडाला नव्हता. ज्यांनी हे खटले थांबवले, त्यांतील बहुतेक जण सैतानाशी करार करणाऱ्या चेटकिणी खऱ्याच मानत होते. डळमळीत झाला तो चेटूक सिद्ध करण्याच्या पद्धतीवरचा भरवसा.

मे १६९२ मध्ये गव्हर्नर विल्यम फिप्स इंग्लंडहून नवी सनद घेऊन आला, तेव्हा तुरुंग संशयितांनी भरलेले होते. त्याने नायब गव्हर्नर विल्यम स्टोटन याच्या अध्यक्षतेखाली खास न्यायालय नेमले. या न्यायालयापुढे, चेटकामुळे आपल्याला त्रास होतो असा दावा करणाऱ्या मुली सांगत, की आरोपीचे छायारूप आपल्याला दिसते आणि तेच आपल्याला चिमटे काढते, गळा दाबते. ते इतर कोणालाही दिसत नसे. आणि आरोपी त्या वेळी दूर आपल्या घरी होता, हे दाखवूनही उपयोग नव्हता, कारण आरोप त्याच्या देहावर नसून त्याच्या छायेवर होता. त्यामुळे साऱ्या खटल्यांचा भार एकाच धर्मशास्त्रीय प्रश्नावर पडला : निरपराध माणसाचे रूप घेण्याची मुभा ईश्वर सैतानाला देईल काय? देणार नाही, असे स्टोटनचे ठाम मत होते. बॉस्टनच्या धर्मोपदेशकांनी १५ जूनला या पुराव्याबाबत सावधगिरीचा इशारा दिला, पण त्याच निवेदनात खटले झपाट्याने चालवण्याची शिफारसही केली. न्यायालयाने त्यातली शिफारस तेवढी उचलली.

याच्या जोडीला न्यायालयाचा आणखी एक प्रघात होता आणि माझ्या मते ते आतून पोखरले गेले ते त्यामुळेच. जो गुन्हा कबूल करी, त्याला इतरांची नावे सांगण्यासाठी जिवंत ठेवले जाई. जो नाकारी, तो फासावर जाई. फाशी गेलेल्या १९ जणांत कबुलीवर अखेरपर्यंत कायम राहिलेला एकही नव्हता. जीव वाचवण्याचा मार्ग असा उघड दिसू लागल्यावर कबुल्या वाढल्या आणि प्रत्येक कबुलीतून नवी नावे निघाली. शेजारच्या अँडोव्हर गावात तर खुद्द सेलेमपेक्षाही अधिक लोक अडकले. नवऱ्यांनी आणि नातलगांनीच बायकांना ‘कबूल करून टाक’ म्हणून गळ घातली होती. ऑक्टोबरमध्ये त्याच गावातून, या कबुल्या दडपणाखाली दिल्या गेल्या, असे अर्ज येऊ लागले. सर्वांत भक्कम मानला जाणारा पुरावा असा ढासळला.

दरम्यान, ज्यांना फासावर चढवले गेले त्यांच्यात लोकांच्या मनातल्या चेटकिणीशी न जुळणारी माणसे होती. चर्चची सभासद असलेल्या वृद्ध रिबेका नर्सला ज्युरीने आधी निर्दोष ठरवले होते. न्यायालयाने फेरविचार करायला लावल्यावर निकाल फिरला. धर्मोपदेशक जॉर्ज बरोज याने १९ ऑगस्टला फासाखाली उभे राहून प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हटली, आणि चेटक्याला ती बिनचूक म्हणताच येत नाही, अशी समजूत असल्याने जमाव चलबिचल झाला. आरोपाचे उत्तर देण्यास नकार देणाऱ्या वयोवृद्ध जाइल्स कोरीच्या अंगावर दगड रचत नेऊन त्याचा जीव घेण्यात आला. तीनच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, आठ जणांना एकाच दिवशी फाशी झाली. ती शेवटची.

३ ऑक्टोबरला इन्क्रीज मॅदर या ज्येष्ठ धर्मोपदेशकाने आपला प्रबंध सहकाऱ्यांपुढे मांडला. सैतान निरपराधाचेही रूप घेऊ शकतो, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. एका निर्दोष व्यक्तीला दोषी ठरवण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या, हे वाक्यही त्यातलेच. मात्र त्याने न्यायाधीशांना दोष दिला नाही आणि बरोजच्या शिक्षेचे तर समर्थनच केले. ही दुटप्पी सावधगिरी आज खटकते, पण चूक मान्य न करता मागे फिरण्याची वाट सत्ताधाऱ्यांना त्यामुळेच मिळाली. १२ ऑक्टोबरला फिप्सने लंडनला पत्र लिहून नव्या अटका थांबवल्याचे कळवले आणि २९ तारखेला न्यायालय बंद करावेच लागेल, असे सांगून टाकले.

फिप्सच्या पत्नीचे नाव घेतले गेले होते, हे खरे. प्रतिष्ठित घराण्यांपर्यंत आरोप पोहोचल्यामुळे घाई झाली, यातही शंका नाही. पण एवढ्याने पुढच्या जानेवारीतील घटनांचा उलगडा होत नाही. तेव्हा नेमलेल्या नव्या उच्च न्यायालयात पाचपैकी चार न्यायाधीश जुन्याच न्यायालयातले होते आणि अध्यक्षही स्टोटनच होता. बदलले ते एवढेच, की छायारूपाचा पुरावा आता ग्राह्य धरायचा नाही, असे ठरले होते. एवढ्या एका बदलाने बहुतेक आरोपी सुटले आणि अवघ्या तिघी दोषी ठरल्या. फिप्सने त्यांच्यासह आठ जणांची फाशी रोखली, तेव्हा स्टोटन संतापून न्यायासन सोडून गेला. मे १६९३ पर्यंत उरलेल्यांची सुटका झाली, पण तुरुंगातील खाण्यापिण्याचा आणि बेड्यांचा खर्च त्यांनाच भरावा लागे, त्यामुळे निर्दोष सुटूनही काही जण आतच राहिले.

न्यायाधीशांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. जानेवारी १६९७ मधील सार्वजनिक उपवासाच्या दिवशी सॅम्युअल सूअल या न्यायाधीशाने बॉस्टनच्या चर्चमध्ये उभे राहून आपला दोष कबूल करणारे निवेदन धर्मोपदेशकाकडून जाहीरपणे वाचून घेतले. बारा ज्युरींनीही लेखी क्षमा मागितली. स्टोटनने कधीच मागितली नाही, आणि फिप्सनंतर वसाहतीचा कारभार त्याच्याच हाती आला. १७११ मध्ये अनेकांच्या शिक्षा रद्द करून त्यांच्या कुटुंबांना भरपाई देण्यात आली. जानेवारीत दोषी ठरलेल्या तिघींपैकी एलिझाबेथ जॉन्सन हिचे नाव मात्र त्या यादीत नव्हते. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिला दोषमुक्त केले ते २०२२ मध्ये.