कोऱ्या चहाने नसा मोकळ्या होतात का?

प्रश्न: बाबा ६१ वर्षांचे आहेत, अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसलाय. कोऱ्या चहाने रक्तवाहिन्या मोकळ्या होतात असं कुणीतरी सांगितल्यापासून ते दिवसभर तोच पितात आणि आता म्हणतात गोळ्या कमी करूया. खरंच फायदा होतो का? आणि दूध घातलं तर?

उत्तर: आधी गोळ्यांचं. त्यांना अजिबात कमी करू देऊ नका प्लीज. रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो, आणि चहा कितीही प्यायला तरी ते काम करणार नाही.

पण बाबा म्हणतात ते सगळंच खोटं नाहीये. रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं, ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि त्याने वाहिनी सैल होते (हे शोधणाऱ्यांना १९९८ चं नोबेल मिळालं). हृदयविकारात हे अस्तर नीट काम करत नाही. २००१ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी अशाच पेशंटना ४ आठवडे रोज ९०० मिली कोरा चहा दिला, तर दंडातली रक्तवाहिनी आधीपेक्षा चांगली फुलायला लागली. चहातल्या फ्लॅव्होनॉइड्सचा (वनस्पतींमध्ये असणारी नैसर्गिक द्रव्यं) हा परिणाम असावा. म्हणजे वाहिनी सैल होते, पण साचलेली चरबी काही विरघळत नाही, बाबांना हा फरक नीट समजावून सांगा. बीपीचंही तसंच, ऑस्ट्रेलियात ६ महिने रोज ३ कप देऊन पाहिलं तर २-३ पॉइंटच उतरलं.

दुधाचं थोडं वादातलं आहे. २००७ मध्ये बर्लिनला १६ बायकांवर केलेल्या प्रयोगात दूध घातल्यावर हा फायदा दिसलाच नाही, दुधातलं केसिन नावाचं प्रथिन त्या फ्लॅव्होनॉइड्सना धरून ठेवतं म्हणे, पण १६ जणींवरून सगळ्यांचं ठरवणं मला पटत नाही. दुधाचा आवडत असेल तर घेऊ दे, साखर मात्र कमी करा, ती जास्त नडते.

३-४ कप ठीक आहे, दिवसभर नको. कॅफिनने काहींना धडधडतं, झोप उडते. आणि जेवणाला लागून देऊ नका, जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, तासभर तरी जाऊ दे. गोळ्या जास्त वाटत असतील तर पुढच्या व्हिजिटला घरच्या बीपीची वही घेऊन जा आणि डॉक्टरांना सरळ विचारा की यातली कुठली कमी करता येईल का.