गाइडशी कसं बोलायचं, हे जेआर वनला शिकवावं लागतं

नव्या जेआर वनसाठी, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांसाठी, विभागात दोन तासांचं सत्र घ्यायचंय, पण मेंटॉर (थिसिसचे गाइड) सोडून मेंटीला काय शिकवायचं, असा तुमचा प्रश्न. मेडिसिनमध्ये मी अशी सत्रं घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाइडना प्रशिक्षण हवंच. पण त्यांच्या सवयी बदलेपर्यंत थांबायला जेआरकडे वेळ कुठे असतो? एमडीची 3 वर्षं. त्यातले 3 महिने डीआरपीत (सक्तीच्या जिल्हा निवासी सेवेत) जिल्हा रुग्णालयात, सुरुवातीचे काही महिने सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीत, आणि थिसिस परीक्षेच्या 6 महिने आधी जमा. केसेस गोळा करायला उरतं जेमतेम दीड वर्ष.

स्लाइड्स ठेवू नका, नाटक बसवा. एक जेआर थ्री (तिसऱ्या वर्षाचा) 'सर' होतो: ओपीडी संपलीय, हातात फोन, पाय दाराबाहेर. जेआर वनला 2 मिनिटं. पहिला प्रयत्न ठरलेला, "सर, थिसिसचं काय करू?" यावर कुठलेही सर "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणणार. मग तेच कागदावर लिहून आणायला लावतो: "सर, 100 पैकी 38 केसेस झाल्या. ऑक्टोबरपासून डीआरपी, केसेस थांबतील. मॅडमच्या युनिटचे पेशंट घेऊ, की सॅम्पल कमी करण्यासाठी एथिक्स कमिटीकडे अमेंडमेंट टाकू?" आता सर उभ्या उभ्या निर्णय देऊ शकतात.

भेट झाली की त्याच रात्री तीन ओळींचा मेसेज: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. सरांना आठवण करून देणं म्हणजे आगाऊपणा, असं वाटून पोरं हे टाळतात. "सर, माझ्या लक्षात राहावं म्हणून लिहितोय" ही सुरुवात घोकून घ्या. यावर कुणी चिडलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

वाईट बातमी सांगण्याचा सराव वेगळा घ्या. तिथे मी माझीच फजिती सांगतो. रेसिडेन्सीत माझ्या केसेस 11 वर अडकल्या होत्या, आणि गाइड दिसले की मी जिना बदलायचो. चार महिने असे काढले. एकदा त्यांनी कॉरिडॉरमध्येच मास्टर चार्ट (सगळ्या केसेसच्या नोंदींचा तक्ता) मागितला. बघून म्हणाले, "हे तेव्हाच सांगितलं असतंस तर आपण निकष बदलून घेतले असते." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

स्टॅटिस्टिक्ससाठी पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभाग, फेलोशिपसाठी एसआर (सीनियर रेसिडेंट), हेही सांगून टाका. सगळा भार एका गाइडवर नको. संशोधन पद्धतीत वेळ घालवू नका, बीसीबीआर हा संशोधनाचा मूलभूत कोर्स जेआरना करायचाच असतो. आणि कुणी गाइड अपमान करत असेल, सही अडवून ठेवत असेल, तर तिथे संवादकौशल्य शिकवू नका. ती तक्रार आहे. कुणाकडे करायची ते सत्रातच सांगा.

सत्र सिनॉप्सिसच्या आधीच घ्या, आणि जमलं तर गाइड मंडळींना मागे बसवा. आमच्याकडे ते नाटक बघून एका सरांनी गुपचूप शुक्रवारचा अर्धा तास थिसिससाठी राखून ठेवला.