जुन्या लॅपटॉपवर अँटीएक्स हे हलकं लिनक्स टाकलंय, पण एकही सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही. पुन्हा फॉरमॅट करू का?

नका करू. तुम्ही लिहिलंय की काहीही मागितलं तरी 'अनएबल टू लोकेट पॅकेज', म्हणजे 'हे सॉफ्टवेअर सापडत नाही', असं येतं आणि मित्र म्हणतो फॉरमॅट मार. ते वाचून राहवलं नाही, कारण याच सल्ल्यापायी आमच्या घरचा एक चांगला लॅपटॉप भंगारात जाता जाता राहिला.

लॅपटॉप बाबांचा. ३२ बिटचा प्रोसेसर, १ जीबी रॅम. विंडोज झेपेना म्हणून मी अँटीएक्स टाकलं आणि ते झकास चालायला लागलं. बाबांना बुद्धिबळ खेळायचं होतं, म्हणून 'एक्सबोर्ड' टाकायला गेलो तर हीच एरर. दादा म्हणाला, सरक, मी बघतो. दादाकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. रविवारी सकाळपासून त्याने तीनदा फॉरमॅट मारलं आणि तिन्ही वेळा तीच ओळ आली. संध्याकाळी म्हणाला, "मशीनच गेलंय, देऊन टाका." बाबा काही बोलले नाहीत, नुसती चार्जरची वायर गुंडाळायला लागले. ते मला बघवलं नाही.

रात्री मी एकटा बसलो. इन्स्टॉलची एरर बाजूला ठेवली, टर्मिनलमध्ये 'सुडो एपीटी अपडेट' चालवलं आणि जे काही आलं ते ओळ न ओळ वाचलं. एपीटी म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारा प्रोग्रॅम, आणि ही कमांड त्याच्यासाठी नेटवरून उपलब्ध सॉफ्टवेअरची ताजी यादी आणते. तळाशी 'ई' अक्षराने सुरू होणारी ओळ होती: रिलीज फाइल 'नॉट व्हॅलिड येट'. म्हणजे ही यादी अजून लागूच झालेली नाही. पुढे कंसात किती दिवस बाकी तेही होतं, आणि आकडा हजारांत. मी 'डेट' टाइप केलं. उत्तर आलं १ जानेवारी २००८.

मदरबोर्डवरचा सेल संपला होता. वीज तुटली की घड्याळ मागे जायचं, आणि नेटवरून वेळ जुळवणारी सेवा त्यावर चालू नव्हती. एपीटी यादीवरची तारीख आपल्या घड्याळाशी ताडून बघतं. आमच्या घड्याळाप्रमाणे यादी भविष्यातली, म्हणून ते ती घेईना. यादीच नाही तर पॅकेज सापडणार कुठून? आणि हे घड्याळ हार्डडिस्कवर नसतंच, मग ते फॉरमॅटने कसं सुधारेल?

'सुडो डेट -एस' देऊन आजची तारीख घातली, 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू' ने ती मदरबोर्डच्या घड्याळात लिहिली, पुन्हा अपडेट चालवलं. दोन मिनिटांत एक्सबोर्ड उघडलं. दुसऱ्या दिवशी सीआर२०३२ सेल बदलला.

दादा आजही म्हणतो की त्याच्या तिसऱ्या फॉरमॅटमुळेच ते चाललं. नाही चाललं. मी त्याच्यासमोर तारीख मुद्दाम २००८ केली, अपडेट चालवलं, तीच ओळ आली. तारीख नीट केली, ओळ गेली. याला कारण सापडणं म्हणतात. फॉरमॅटमध्ये एकदम सगळंच बदलतं, त्यामुळे चुकून चाललं तरी बिघाड कशात होता ते कळत नाही आणि महिन्याभराने तुम्ही पुन्हा तिथेच. नेटवर कोणी तारखेची तपासणीच बंद करायला सांगेल. तसं करू नका. ती तपासणी सुरक्षेसाठी आहे, आणि घड्याळ चुकीचं राहिलं तर ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटच्या एरर येतच राहतील.

आता तुमचं दुखणं घड्याळाचंच असेल असं नाही. तारीख बरोबर निघाली तर आधी पॅकेजच्या नावाचं स्पेलिंग बघा, मग 'यूनेम -एम' चालवा. 'आय६८६' आलं तर तुमचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ३२ बिटचा आहे. अशा सिस्टीमवर वेबसाइटवरून उतरवलेली ६४ बिटची डेब फाइल (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायची फाइल) बसत नाही. गूगल क्रोमच्या मागे तर लागूच नका, ३२ बिट लिनक्ससाठी ते २०१६ मध्येच बंद झालं. 'डीएफ -एच' ने जागा किती उरली तेही बघून घ्या. आणि लॅपटॉपवर न टाकता पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवत असाल तर पर्सिस्टन्स, म्हणजे केलेले बदल जपून ठेवायची सोय, चालू केल्याशिवाय टाकलेलं सॉफ्टवेअर रीस्टार्टनंतर राहणार नाही.

अपडेटनंतर 'ई' आणि 'डब्ल्यू' ने सुरू होणाऱ्या ज्या ओळी येतील त्या जशाच्या तशा खाली कमेंटमध्ये टाका. मी बघतो. तोवर त्या मित्राला लॅपटॉपला हात लावू देऊ नका.