१०८ चा हट्ट नको

प्रश्न : रोज १०८ सूर्यनमस्कार घालायचं ठरवते, पण आठवड्यातच मनगटं दुखतात आणि सगळं बंद पडतं. काय चुकतं?

उत्तर : आकडा चुकतो. स्नायू लवकर तयार होतात, मनगटाच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांना, मात्र जास्त वेळ लागतो. दुखणं पूर्ण थांबलं की रोज सहाच घाला, आठवड्यातले पाच दिवस. पुढे दर आठवड्याला दोन वाढवा. बाराव्या आठवड्यानंतर तीस होतील आणि रोजच्यासाठी तीस भरपूर आहेत. हात टेकताना बोटं पसरा, तर्जनीच्या बुडाशी जमीन दाबा. सगळा भार तळहाताच्या मागच्या कडेवर आला की मनगट नक्की दुखणार. सतरंजी रात्रीच अंथरून ठेवा. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालू नका, दुखणं बहुधा तिथूनच उलटतं. बोटांना मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.