सामाजिक मानसशास्त्र शिकताना संशोधन पद्धतींचं प्रकरण सोडलं तर चालेल का?

प्रश्न: सामाजिक मानसशास्त्राचा पहिलाच पेपर आहे. संकल्पना वाचताना ‘हे तर कुणालाही माहीत असतं’ असं वाटतं आणि संशोधन पद्धतींचं प्रकरण डोक्यावरून जातं. ते सोडून बाकीचं नीट पाठ केलं तर चालेल का?

उत्तर: सोडू नका. पास होण्यापुरतं कदाचित चालून जाईल, पण मग तुमच्या हातात खरोखरच ‘कुणालाही माहीत असतं’ एवढंच उरेल. या विषयाचा जीव त्या रटाळ वाटणाऱ्या प्रकरणातच आहे.

आधी एक छोटी परीक्षा देऊन बघा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या मनःस्थितीची फार मोठी पाहणी झाली होती. तिच्यातले म्हणून तीन निष्कर्ष सांगते. कमी शिकलेल्या सैनिकांपेक्षा जास्त शिकलेल्यांना मानसिक त्रास अधिक झाला. शहरातल्या सैनिकांपेक्षा खेड्यातून आलेले सैनिक अधिक आनंदी होते, कारण त्यांना कष्टाची सवय होती. उष्ण प्रदेशात उत्तरेकडच्या सैनिकांपेक्षा दक्षिणेकडचे सैनिक चांगले टिकले. वाचताना मान हलली ना? १९४९ मध्ये समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी या पाहणीचं परीक्षण लिहिताना अशीच विधानं आधी मांडली आणि मग सांगितलं की प्रत्यक्षात यातल्या प्रत्येकाच्या नेमकं उलट आढळलं होतं. तुम्हाला आधी उलटी विधानं दिली असती, तर त्यांचंही कारण चटकन सुचलं असतं. शिकलेला माणूस ताण समजून घेऊ शकतो, म्हणून त्याला त्रास कमी. झालं!

निकाल कळल्यावर ‘मला वाटलंच होतं’ असं वाटणं ही स्वतःच या विषयातली एक संकल्पना आहे, तिला पश्चात्‌दृष्टी म्हणतात. तुम्हाला सगळं सामान्य ज्ञान वाटतंय ते यामुळेच. पुस्तक आधी उत्तर सांगतं आणि मग तुम्ही मान डोलावता. प्रयोग करणाऱ्या माणसाला ती सोय नव्हती.

मी स्वतः हे उशिरा शिकले. एम.ए.ला असताना परोपकारी वर्तनावर मी एक प्रश्नावली केली होती: अनोळखी माणूस रस्त्यात पडलेला दिसला तर तुम्ही थांबाल का? जवळपास सगळ्यांनी ‘हो’ लिहिलं आणि मी खुशीत तक्ते काढायला बसले. मार्गदर्शक बाईंनी एकच विचारलं, “लोक मदत करतात हे कळलं, की मदत करणारा म्हणवून घ्यायला आवडतं हे कळलं?” त्या दिवसापासून माझा या विषयाकडे बघण्याचा डोळा बदलला.

त्यांनीच मला लापिएरचा अभ्यास वाचायला दिला. रिचर्ड लापिएर हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. त्या काळी तिथे चिनी लोकांविषयी उघड पूर्वग्रह होता. तरी अडीचशेच्या वर हॉटेलं आणि खाणावळींत मिळून त्यांना फक्त एकदाच नकार मिळाला. सहा महिन्यांनी लापिएरनी त्याच ठिकाणी पत्रं पाठवून विचारलं, चिनी पाहुणे घ्याल का? ज्यांची उत्तरं आली त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘नाही’ कळवलं. अभिवृत्ती (एखाद्याविषयी मनात असलेलं मत किंवा कल) आणि वर्तन यांच्यातली दरी या एका अभ्यासाने जगासमोर आली. पण पद्धतीचं प्रकरण वाचलेला विद्यार्थी इथे लगेच विचारेल: पत्राला उत्तर देणारा माणूस आणि दारात जोडप्याचं स्वागत करणारा माणूस एकच होता का? शिवाय दारात जोडप्याबरोबर एक गोरा प्राध्यापक उभा होता, पत्रात नव्हता. या शंकांनी अभ्यास निकामी होत नाही. तो नेमकं किती सांगतो आणि कुठे थांबतो, ते कळतं.

आता थोडं तपशिलात जाते, कारण एक प्रयोग पूर्ण कळला की बाकीचे आपोआप उलगडायला लागतात. माझा आवडता प्रयोग जॉन डार्ली आणि बिब लाताने यांचा, १९६८ चा. त्यामागची घटना तुमच्या पुस्तकात असणारच. मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी बघितलं आणि कुणीही पोलिसांना कळवलं नाही, अशी बातमी गाजली. शहरातली माणसं दगड झाली आहेत, असा निष्कर्ष सगळ्यांनी काढला. पुढे ती बातमी बरीच फुगवलेली होती असं निष्पन्न झालं. अडतीस जणांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि एक शेजारीण तर धावत जाऊन शेवटपर्यंत किटीजवळ थांबली होती. तुमच्या पुस्तकात जुनीच हकिकत असेल तर समासात खूण करून ठेवा.

डार्ली आणि लाताने यांनी मात्र ‘माणसं वाईट आहेत का’ असा प्रश्न धरला नाही. त्यांनी विचारलं, बघणाऱ्यांची संख्याच तर आड येत नसेल ना? कुणीच पुढे आलं नाही ते इतके जण होते *म्हणूनच* तर नव्हे? हे गृहीतक. पण ‘मदत’ मोजायची कशी? त्यांनी विद्यार्थ्यांना एकेकट्या खोलीत बसवलं आणि इंटरकॉमवरून इतरांशी बोलायला सांगितलं. थोड्या वेळाने इंटरकॉमवरचा एक आवाज अडखळायला लागतो, फिट आल्याचं सांगतो, मदत मागतो. आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला होता, खोलीतल्या विद्यार्थ्याला ते माहीत नव्हतं. काहींना वाटत होतं की हे ऐकणारे आपण एकटेच, काहींना वाटत होतं आणखी एक जण ऐकतोय, काहींना वाटत होतं आणखी चौघे. संख्या संशोधकाने बदलली, तो स्वतंत्र चल. विद्यार्थी मदतीसाठी खोलीबाहेर येतो का आणि किती वेळात, हा परतंत्र चल.

आवाज बंद पडायच्या आत बाहेर आलेले: एकटं समजणाऱ्यांतले ८५ टक्के, आणखी एक असल्याचं समजणाऱ्यांतले ६२ टक्के, आणखी चौघे समजणाऱ्यांतले ३१ टक्के. हे आकडे सगळीकडे छापलेले असतात. ‘आवाज बंद पडायच्या आत’ हे शब्द मात्र बऱ्याचदा गाळले जातात. पूर्ण सहा मिनिटं वाट पाहिल्यावर एकटे समजणारे सगळेच्या सगळे बाहेर आले होते, आणि मोठ्या गटातलेही ६२ टक्के. मदत म्हणजे काय आणि किती वेळात, ही कार्यात्मक व्याख्या बदलली की आकडा दुप्पट होतो. म्हणून ती व्याख्या पाठ करण्याची गोष्ट नाही, प्रत्येक आकड्याला विचारण्याची गोष्ट आहे.

आणि जे बाहेर आले नाहीत ते निर्विकार बसले नव्हते. संशोधक खोलीत गेला तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता, “तो ठीक आहे ना?” असं ते विचारत होते. हे वाचताना मला आजही गलबलतं. ‘बेफिकिरी’ हा शब्द या एका निरीक्षणापुढे टिकत नाही. त्याच्या जागी जबाबदारीची विभागणी ही संकल्पना येते: इतके जण आहेत, कुणीतरी केलंच असेल.

आता याच आकड्यांकडे वेगळ्या बाजूने बघा. फिट आलेल्या माणसाच्या जागी आपण आहोत. ऐकणारे पाच, प्रत्येकजण वेळेत उठण्याची शक्यता ३१ टक्के, आणि प्रत्येकजण आपापला वागतो असं धरलं, तर पाचांपैकी निदान एक जण उठण्याची शक्यता निघते सुमारे ८४ टक्के. ऐकणारा एकच असता तर ८५! म्हणजे ‘एकेका माणसाची मदत करण्याची शक्यता घटते’ आणि ‘गर्दीत मदत मिळत नाही’ ही दोन निराळी विधानं आहेत. प्रयोगाने पहिलं दाखवलं, लोकांनी दुसरं ऐकलं. २०२० मध्ये अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या सीसीटीव्ही चित्रणातली २१९ भांडणं तपासली गेली, तेव्हा दहातल्या नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं, आणि बघणारे जितके जास्त तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत, त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. प्रयोगशाळा कारण दाखवते, क्षेत्रीय निरीक्षण प्रत्यक्ष जगात काय घडतं ते दाखवतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो यादृच्छिक (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा, केवळ योगायोगाने ठरणारा) नमुना आणि यादृच्छिक विभागणी यांत. नमुना म्हणजे माणसं कुठून आणली, आणि विभागणी म्हणजे आणलेल्यांपैकी कोण कुठल्या गटात गेलं. पहिल्याने निष्कर्ष किती लोकांना लागू होईल ते ठरतं, दुसऱ्याने ‘यामुळेच ते झालं’ असं म्हणता येतं. १९७४ मध्ये डटन आणि अ‍ॅरन यांनी कॅनडातल्या एका उंच, हलणाऱ्या झुलत्या पुलावर आणि एका भक्कम पुलावर पुरुषांना गाठलं. एका तरुणीने त्यांची मुलाखत घेतली आणि वाटल्यास फोन करा म्हणून नंबर दिला. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी फोन केला, भक्कम पुलावरच्या १६ पैकी २ जणांनी. भीतीने वाढलेली धडधड आकर्षण समजली गेली, हे स्पष्टीकरण सगळ्यांना आवडतं. पण कोण कुठल्या पुलावर जाईल हे संशोधकांनी ठरवलं नव्हतं. झुलता पूल निवडणारे पुरुष मुळातच जास्त धाडसी असले तर? फोनही तेच करणार. संशोधकांनाही ही शंका होती, म्हणून पुढच्या प्रयोगात त्यांनी तोच पूल ओलांडून आलेल्या, पण थोडा वेळ थांबून शांत झालेल्या पुरुषांशी तुलना केली. ही दुसरी पायरी मला पहिलीपेक्षा सुंदर वाटते.

नमुन्याची अडचण वेगळी. गाजलेल्या प्रयोगांत सहभागी होणारे बहुतेक पाश्चात्त्य देशांतले महाविद्यालयीन विद्यार्थी. तेवढ्यावरून ‘माणूस असा वागतो’ म्हणणं धाडसाचंच आहे.

आता ज्या संकल्पना तुम्ही पाठ करणार आहात त्या. अनुरूपतेसाठी, म्हणजे गटाप्रमाणे वागण्यासाठी, सॉलोमन अ‍ॅशच्या १९५० च्या दशकातल्या रेषा येतील: दिलेल्या रेषेएवढी रेषा कोणती ते सांगायचं, सगळा गट ढळढळीत चुकीचं उत्तर देतो, तुमची पाळी जवळजवळ शेवटी. अशा फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या मागे गेली. हेच उलटं वाचा: दोन तृतीयांश उत्तरं बरोबर आली आणि सुमारे एक चतुर्थांश लोक एकदाही झुकले नाहीत. गटात एक जरी सोबती खरं बोलणारा असला तर झुकण्याचं प्रमाण एकदम कोसळतं. मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगातले ६५ टक्के सगळ्यांना पाठ असतात. त्यात संशोधकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला वाढत्या जोराचे विजेचे झटके द्यायचे होते; झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. पण मिलग्रॅमने मांडणी अनेक वेळा बदलली. शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे १० टक्केच राहिले. त्यामुळे ६५ हा माणसाच्या स्वभावाचा आकडा नाही, तो एका विशिष्ट खोलीचा आहे. झिंबार्डोच्या १९७१ च्या तुरुंगाबद्दल, म्हणजे विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून केलेल्या लुटुपुटूच्या तुरुंगाबद्दल, थोडक्यात: पहारेकऱ्यांनी कसं वागावं याच्या सूचना त्यांना वरून मिळत होत्या, त्यामुळे ‘भूमिका मिळाली आणि माणूस बदलला’ हे त्यावरून सिद्ध होत नाही. परीक्षेत लिहा, पण ही टीका जोडून लिहा.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता न येणारा) होता, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांत. सामाजिक मानसशास्त्राचा वाटा त्यात सरासरीहून कमकुवत निघाला. काही जण यावरून विषयच खोटा म्हणतात. मला तसं वाटत नाही. ही तपासणी याच क्षेत्रातल्या लोकांनी स्वतःहून केली, आणि आता पुष्कळ संशोधक माहिती गोळा करण्याआधीच आपलं गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धत नोंदवून ठेवतात, म्हणजे निकाल पाहून गृहीतक बदलता येत नाही. लहान नमुना, एकदाच केलेला प्रयोग आणि फार चटकदार निष्कर्ष, हे तिन्ही एकत्र दिसले तर सावध व्हा.

पेपरला दिवस कमी असतील तर असं करा. पुस्तकातला एक प्रयोग घ्या, निकालाचा परिच्छेद हाताने झाका आणि फक्त मांडणी वाचा. कोणाला बोलावलं, कोण कुठल्या गटात हे कसं ठरलं, काय बदललं, काय मोजलं. मग कागदावर तुमचा अंदाज आकड्यात लिहा. हात काढा आणि ताडून बघा. सुरुवातीला डार्ली आणि बॅट्सन यांचा १९७३ चा प्रयोग निवडा: धर्मशास्त्राचे विद्यार्थी भाषण द्यायला निघाले आहेत, त्यांतल्या काहींचा विषय चांगल्या शोमरोन्याचा दाखला (वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट) आहे, काहींना उशीर झालाय, आणि वाटेत एक माणूस कण्हत पडलाय. किती जण थांबले असतील, ते उत्तर वाचण्याआधी लिहून ठेवा.