पोर्तुगालचं लग्न: पाण्याचा पेला, काळ्या कपड्यातली नवरी आणि गोव्यातला निम्मा वाटा

गेल्या महिन्यात माझ्या पोर्तोमधल्या चार वर्षांबद्दल लिहिलं आणि लग्नांवर इतके प्रश्न आले की यावेळी सगळा कॉलम त्यावरच.

प्रश्न: पुतण्याचं लग्न ऑगस्टमध्ये पोर्तुगालला आहे, मुलगी ब्रागाजवळच्या खेड्यातली. पत्रिका मोबाईलवर भाषांतर करून बघितली तर 'चर्चनंतर पाण्याचा पेला' असं आलं. जेवण नसतं का तिकडे? आणि आहेर काय न्यावा? (एक वाचक, पुणे)

काकू, घरून जेवून अजिबात निघू नका! 'कोपु द आग्वा' म्हणजे शब्दशः पाण्याचा पेलाच, पण तिकडे रिसेप्शनला म्हणतातच तसं, आपण कसं 'चहाला या' म्हणतो आणि पुढ्यात पोहे, शिरा, चिवडा सगळं मांडतो तसंच. दुपारी चर्चमध्ये लग्न लागलं की मंडळी 'किंता'वर जातात, किंता म्हणजे शेतवाडी, आता बऱ्याच किंता लग्नासाठीच भाड्याने देतात, आणि मग जे खाणं सुरू होतं ते मध्यरात्र उलटली तरी चालू. बाकल्याव म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा, भाजलेलं मांस, अंड्याच्या पिवळ्या बलकाची गोडं. रात्री उशिरा केक कापतात आणि त्यानंतर गरम 'काल्दु वेर्द' येतं, बटाट्याचं दाट सूप, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं आणि वर सॉसेजची चकती. तुम्ही शाकाहारी असाल तर आत्ताच कळवा, आणि सूपमध्ये चकती नको हे वेगळं सांगा. पूर्वी हे सगळं घरच्या अंगणात व्हायचं, शेजारणीच येऊन रांधायच्या.

आहेराला पाकीट. हल्ली पत्रिकेवर बँकेचा खाते नंबरसुद्धा छापतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आणि ऑगस्टच का, तर १९६० नंतर लाखो माणसं कामासाठी फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्गला गेली, ती सगळी ऑगस्टच्या सुट्टीत गावी येतात, आपले चाकरमानी गणपतीला कोकणात जातात तसं. घर भरलेलं असतं तेव्हाच लग्न उरकून घ्यायचं.

प्रश्न: पोर्तुगीज नवरीचा फोटो बघितला, काळे कपडे आणि गळाभर सोनं. काळं कसं चालतं लग्नात? (एक वाचक, ठाणे)

हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. हे उत्तरेकडचं, मिन्यु भागातलं, मुख्यतः वियाना दु कास्तेलु शहर आणि आसपासच्या गावांतलं. काळं कापड तिकडे अशुभ नव्हतं, उलट शेतकऱ्याच्या घरातलं सगळ्यात चांगलं, मानाचं कापड तेच. त्यावर काचमण्यांचं भरतकाम, डोक्यावर पांढरी जाळी. हा पोशाख एकदा शिवला की सणावाराला, चर्चला पुन्हा नेसता यायचा, एका दिवसासाठी ड्रेस ही चैन कुणाला परवडणार? पांढरा ड्रेस शहरातून आला, नंतर सगळीकडे तोच झाला.

आता सोनं. शेजारच्या आजींनी एकदा त्यांच्या लग्नातला हृदयाच्या आकाराचा दागिना माझ्या तळहातावर ठेवला, 'वियानाचं हृदय' म्हणतात त्याला. एवढा मोठा, जवळजवळ हाताएवढा, आणि वजन काहीच नाही! जवळून बघितलं तर सगळी तार, केसाएवढ्या तारा पिळून, वेटोळी करून भरलेल्या, मधून पलीकडचं दिसतं. आपल्याकडचं तारकाम बघितलेल्यांना लगेच कळेल. पोर्तोजवळच्या गोंदुमार आणि पोव्हुआ द लान्योझु इथले सोनार हे काम अजून करतात. पोर्तुगीज सोनं १९.२ कॅरेटचं. पिकाचे चार पैसे आले की मुलीसाठी एक कानातलं, पुढच्या वर्षी एक साखळी, असं साठवायचं आणि लग्नात सगळं छातीवर. म्हणजे आपलं स्त्रीधनच की. आज नवरी म्हणून काळं क्वचितच कुणी नेसतं, पण ऑगस्टमध्ये वियानाला सेन्योरा दा आगोनियाची जत्रा असते, तिच्या मिरवणुकीत शेकडो बायका हाच पोशाख आणि आजीचं, पणजीचं सोनं घालून चालतात.

त्याच आजींच्या लग्नाच्या फोटोत नवरा नाहीये. १९६५ साली तो अंगोलाच्या, म्हणजे तेव्हाच्या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतीतल्या, लढाईत होता, म्हणून मुखत्यारपत्रावर लग्न लागलं, त्याच्या जागी दीर उभा राहिला. कायद्याने चालायचं, आजही चालतं. आपल्याकडे खांड्याशी, म्हणजे नवऱ्याच्या तलवारीशी लग्न लावायचे ना, मला तेच आठवलं. आजी म्हणाल्या, नवरा दोन वर्षांनी आला तेव्हा मला त्याच्याशी बोलायची लाज वाटत होती.

प्रश्न: आमच्या गोव्यात लग्न झालं की नवराबायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी, हा पोर्तुगीज कायदा. पोर्तुगालमध्येही असंच आहे का? (एक वाचक, म्हापसा)

नाही, आणि गंमत इथेच आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० ला लागू झाली, तिच्यात दुसरा करार केला नसेल तर दोघांचं सगळं एकत्र, लग्नाआधीचं, वारशाचंसुद्धा. १९६१ ला पोर्तुगीज गेले पण हा कायदा राहिला. पोर्तुगालने मात्र नवी संहिता आणली आणि १९६७ पासून तिथे करार नसेल तर लग्नानंतर कमावलेलं तेवढंच सामायिक. म्हणजे जुना पोर्तुगीज नियम पोर्तुगालमध्ये बदलला आणि म्हापशात चालू आहे! तुम्हाला वेगळी व्यवस्था हवी असेल तर करार लग्नाआधीच नोंदवावा लागतो, नंतर बदलता येत नाही, हे मुलामुलींना वेळेत सांगा प्लीज. बाकी तुमच्याकडे ख्रिश्चन घरांत लग्नाला 'काजार' म्हणतात तो शब्द पोर्तुगीज 'काझार'वरून, पण रोस, म्हणजे लग्नाआधी अंगाला नारळाचा रस लावणं, आणि हिरवा चुडा हे आपलंच, तिकडे कुणाला माहीत नाही.

प्रश्न: तिथले तरुण आता लग्न करतात तरी का? (एक वाचक, नाशिक)

करतात, पण कुणी मागे लागलंय म्हणून नाही. आता अर्ध्याहून जास्त मुलं आईवडिलांच्या लग्नाशिवाय जन्मतात आणि चर्चपेक्षा सरकारी नोंदणीची लग्नं जास्त. मला यात वाईट काही वाटत नाही कारण आधी काय होतं बघा. १९३६ च्या नियमाने प्राथमिक शिक्षिकेला लग्नाआधी मंत्रालयाची परवानगी लागायची, होणाऱ्या नवऱ्याची वागणूक आणि कमाई तपासायचे. सरकारी हॉस्पिटलच्या नर्सला १९६३ पर्यंत लग्नच करता येत नव्हतं. १९४० च्या पोपबरोबरच्या करारानंतर चर्चमध्ये लग्न केलेल्यांना घटस्फोट बंद, तो मार्ग १९७५ ला, हुकूमशाही उलथवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीनंतर उघडला. २०१० पासून दोन पुरुष किंवा दोन स्त्रियाही लग्न करू शकतात.

आणि जुनं सगळं गेलंय असंही नाही हं. ब्रागाजवळच्या विला वेर्दकडे मुली आवडत्या मुलासाठी रुमालावर हृदय, पक्षी आणि प्रेमाच्या ओळी भरायच्या, त्याने तो चारचौघांत मिरवला की समजायचं, जमलं. शाळा फार झालेली नसायची, म्हणून बोलतात तसंच लिहायच्या, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. आजही ते रुमाल बनतात, आणि भरणाऱ्या बायका त्या चुका तशाच ठेवतात.